परवानगी कोणी दिली?

१

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी कॉम्प्युटरच्या उजव्या कोपऱ्यात एक छोटी चौकट वर आली, 'टिंग' असा मोठा आवाज झाला आणि चौकटीत अक्षरं उमटली : 'एकटेपणा वाटतो? तुमच्या जवळच कोणीतरी तुमची वाट पाहत आहे.'

एरवी सुनेने फुली मारून ती घालवली असती. गेले तीन आठवडे ती तेच करत होती. पण या वेळी तिचा पडदा कार्यालयातल्या वरिष्ठ बाईंच्या पडद्यावरही उघडा होता. त्या तिचं काम तपासत होत्या. पहिली चौकट जाते न जाते तोच दुसरी आली, 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये तेरा विषाणू सापडले, त्वरित फोन करा.' मग तिसरी : 'अभिनंदन, तुम्ही मोबाइल जिंकलात.' वरिष्ठ बाई बराच वेळ गप्प होत्या. रागावणारा वरिष्ठ परवडतो. गप्प बसणारा मनातल्या मनात पत्राचा मजकूर जुळवत असतो.

सून घरी बसून डॉक्टरांचे तोंडी अहवाल टाइप करायची. कानाला हेडफोन लावायचा, डॉक्टरांचं पुटपुटणं ऐकायचं आणि स्वच्छ उतरवून काढायचं. कोणाच्या छातीत काय आणि कोणाच्या पोटात काय, हे सगळं त्या एका यंत्रातून जायचं. तेव्हा वरिष्ठ बाईंचं म्हणणं अगदीच वावगं नव्हतं. सोमवारी सकाळपर्यंत दुरुस्ती करणाऱ्याचा लेखी दाखला हवा, आणि त्यात तीन रकाने भरलेले हवेत. हे संदेश कशामुळे आले, पुन्हा का येणार नाहीत, आणि हा कॉम्प्युटर घरात आणखी कोण वापरतं. दाखला आला नाही तर काम दुसरीकडे जाईल.

कोपऱ्यावरच्या दुकानदाराने तो कॉम्प्युटर याआधी दोनदा उघडून, झटकून, धुऊन दिला होता. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी चौकटी परत हजर. तिसऱ्यांदा त्याने काखा वर केल्या आणि सांगितलं, "वहीवालीला बोलवा."

वहीवाली चौपन्न वर्षांची. एका मोठ्या गोदामात वीस वर्षं आवक-जावक लिहिण्यात गेली. माणसं सांगतात किती पेट्या आल्या आणि मांडणीवर दिसतात किती, यातला फरक शोधण्यात तिची नजर तयार झाली होती. गोदाम बंद पडल्यावर ती कॉम्प्युटर दुरुस्त करायला शिकली, पण सवय तीच. वहीच्या डाव्या पानावर 'सांगितलं', उजव्या पानावर 'दिसलं'. दोन्ही पानं जुळेपर्यंत ती त्या घरचा चहा घेत नसे.

बुधवारी सकाळी ती आली, खुर्चीत बसली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "हा कोण कोण वापरतं?"

"मीच. दुसरं कोणी नाही," सून म्हणाली.

वहीवालीने ते डावीकडे लिहिलं. मग टेबलाकडे नीट पाहिलं, आणि अजून यंत्राला हात लावायच्या आधीच उजव्या पानावर दोन ओळी लिहून पान हाताने झाकलं.

२

तिने लिहिलं होतं ते असं. एक : हेडफोनची वायर दोन फाशांसारखी गुंडाळलेली, दोन्ही फासे मधोमध एकमेकांना ओलांडणारे, शेवटचा वेढा मधे आवळलेला. दोन : आवाजाची पट्टी अगदी वर टेकलेली.

तिने वायरीबद्दल सहज विचारलं. सून म्हणाली, आपण ती नुसती टेबलावर टाकतो. कोण एवढं नीट गुंडाळतं देव जाणे, भाऊच असणार. संध्याकाळी हेडफोन लावायला घेतला की तो ढिलाही झालेला असतो. भावाचं डोकं मोठं, अक्कल बेताची.

म्हणजे 'दुसरं कोणी नाही' यातला एक 'कोणी' पाच मिनिटांत हजर झाला होता. सुनेचा धाकटा भाऊ चार महिन्यांपासून याच घरात राहत होता, कायमच्या नोकरीच्या शोधात. सुनेचा नवरा जहाजावर, तो दोन महिन्यांनी येणार. सात वर्षांची लेक शाळेत. आणि सासूबाई.

"आई त्या यंत्राला हात लावत नाहीत," सून म्हणाली. "त्यांना त्याचा तिटकारा आहे."

वहीवालीने तेही डावीकडे घेतलं आणि मग यंत्र तपासलं. विषाणू एकही नव्हता. दुकानदाराने काम चोख केलं होतं, फक्त नको त्या जागी केलं होतं. तिने ब्राउझरच्या सेटिंगमधली एक यादी उघडून सुनेला दाखवली. परवानगी दिलेल्या नऊ वेबसाइट, नावं म्हणजे नुसती अक्षरं आणि आकड्यांची खिचडी.

"हा विषाणू नाही," ती म्हणाली. "एखादं पान उघडलं की कधीकधी वर चौकट येते, 'सूचना पाठवू का?' खाली दोन बटणं, 'परवानगी द्या' आणि 'नाकारा'. एकदा परवानगी दिली की ते पान बंद केलं तरी ती मंडळी या कोपऱ्यातून बोलत राहतात. कोणी घरात घुसलेलं नाही. दारात उभं राहून त्यांनी विचारलं, रोज येऊ का? आणि घरातल्या कोणीतरी सांगितलं, या."

"नऊ वेळा?"

"नऊ वेळा. आणि नाकारलेल्यांची यादी बघा." ती कोरी होती. "एकदाही 'नको' नाही. माणूस कितीही भोळा असला तरी दहातल्या दोघांना हाकलतो. इथे सगळ्यांना आत घेतलंय."

मग तिने पूर्वी पाहिलेल्या पानांची नोंद उघडली. तीही कोरी. रोजच्या रोज पुसलेली. पण पुसणाऱ्याच्या लक्षात न आलेली एक गोष्ट तिला सेटिंगच्या तळाशी सापडली. काही पानांची अक्षरं पावणेदोन पट मोठी करून ठेवलेली होती, आणि यंत्राने ते आपलं आपण लक्षात ठेवलं होतं.

सुनेला चष्मा नव्हता. "भावाला?" वहीवालीने विचारलं.

सुनेने नकारार्थी मान हलवली. भावाला लांबच्या पाटीवरची बारीक अक्षरंसुद्धा वाचता येत होती. पण नोंदी कोण पुसतं हे तिला त्या क्षणी कळलं होतं, आणि तिचा चेहरा उतरला.

३

निघण्याआधी वहीवाली सासूबाईंना भेटली. त्या शहात्तर वर्षांच्या, ताठ, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा घातलेल्या. खिडकीपाशी त्यांची खुर्ची होती. वहीवाली बाजूच्या स्टुलावर बसणार तोच त्यांनी हाताने अडवलं आणि समोर, उजेडात बसायला सांगितलं.

त्या बोलायला लागल्या की थांबत नसत. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेली. समोर बोर्डावर छोटे दिवे, दिवा लागला की प्लग घालायचा आणि बोलायचं. उशीर झाला तर मागे देखरेखीला उभ्या असलेल्या बाईची ताकिदीची चिठ्ठी. त्यांना तशी चिठ्ठी कधी मिळाली नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

"आणि कोणाचाही फोन ऐकून न घेता तोडायचा नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या शेजारच्या मुलीने तोडला एकदा. तिला वाटलं, कोणी थट्टा करतंय. पलीकडे घर पेटलं होतं."

त्या क्षणी आतल्या खोलीत 'टिंग' झालं. एवढं मोठं की वहीवालीची पेन्सिल दचकली, आणि स्वयंपाकघरात सुनेने भांडं आदळलं. सासूबाई पुढचं वाक्य बोलत होत्या. त्या मुलीचं पुढे लग्न कुठे झालं ते.

"तुमचं कान देऊन ऐकण्याचंच काम," वहीवाली म्हणाली.

"या कानांवर माझा पगार चालला, बाई. अजून सुई पडली तरी कळते."

"आणि कॉम्प्युटर?"

"शिवत नाही. दिवसभर सूनबाईच त्याला जुंपलेली असते, आपण कशाला मधे?" मग जरा पुढे झुकून, हलक्या आवाजात त्यांनी विचारलं की यंत्राला झालंय तरी काय, सून कालपासून नीट जेवत नाही. घरात काय बिघडलंय ते त्यांना अर्धंच माहीत होतं.

उठताना वहीवालीने फळीवर नजर टाकली. जुनी इस्त्री, औषधांचा डबा, मोबाइलचा चार्जर. उजव्या पानावर तिने आणखी तीन ओळी लिहिल्या. मग सुनेसमोर यादीतली नऊच्या नऊ नावं काढून टाकली आणि घड्याळ बघून वेळ लिहिली, बारा वाजून चाळीस मिनिटं.

"ते विचारणंच कायमचं बंद नाही करता येत?" सुनेने विचारलं.

"एका खटक्यात येईल. पण मग तुमच्या पहिल्या आणि तिसऱ्या रकान्यात मी काय लिहू? खोट्या दाखल्यावर माझी सही चालत नाही. उद्यापर्यंत थांबा."

४

भाऊ सायकलच्या दुकानात सापडला. ताईला त्याने 'इंटरव्ह्यूला जातो' असं सांगितलं होतं आणि बारा ते सात इथे चाकं सरळ करत बसायचा. भिंतीवर टायर लटकलेले, खाली पाण्याच्या परातीत ट्यूब बुडवलेली, आणि हा पाण्यातले बुडबुडे शोधत होता.

वहीवालीने समोर एक डबा उलटा करून बैठक मारली. तिला फार खोदावं लागलं नाही. रात्रीच्या जेवणाआधी तो ताईच्या कॉम्प्युटरवर फुकटचे सिनेमे उतरवायचा, आणि ताईला कळू नये म्हणून उठताना सगळी नोंद पुसून टाकायचा. आपली आणि ताईची वेगळी काढत बसायला त्याला सवड नसे.

"परवानगी मागणारी चौकट आली की काय करतोस?"

"बघतसुद्धा नाही. फुली. असल्या साइटवर डोळे मिटून फुली मारायची, हे पाळण्यातलं पोर पण सांगेल."

"हेडफोन?"

त्याने खिशातून स्वतःचे इअरफोन काढून दाखवले. त्याची वायर म्हणजे नुसता गुंता होता. वहीवाली तो गुंता बघून पहिल्यांदा हसली.

तरी तेवढ्यावरून तिला त्याला संशयातून सोडता येत नव्हतं. माणूस जे सांगतो ते डावीकडेच राहतं. तिने त्याला एक विनंती केली. आजची रात्र इथेच, सायकलच्या दुकानात काढ आणि उद्या संध्याकाळपर्यंत घरी फिरकू नकोस. ताईला मी सांगते.

"माझ्यावरच घसरणार सगळं," तो ट्यूब पुसत म्हणाला. "ताईचं काम गेलं तर भाओजी मला घराबाहेर काढतील, आणि काढलं तर बरोबरच आहे."

गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता सुनेचा फोन आला. सकाळभर यंत्र शांत होतं. दुपारी अडीचला ती नेहमीप्रमाणे लेकीला शाळेतून घेऊन पोहायला गेली, पावणेपाचला परतली, आणि काम सुरू करते तोच दोन चौकटी, एकापाठोपाठ एक. यादीत दोन नवी नावं. हेडफोन ढिला. वायर तशीच, दोन फाशांची.

"भाऊ कालपासून घरी आलेला नाही," सून म्हणाली. "दुपारी घरात कोणीच नसतं. मग हे करतं कोण? बाई, मला आता भीती वाटायला लागली आहे."

"कोणीच नसतं?" वहीवालीने विचारलं.

"कोणीच नाही. आईच फक्त."

फोन कानाशी धरूनच वहीवालीने ते डाव्या पानावर लिहिलं.

"त्या नाहीत हो," सून म्हणाली. "त्या शिवतसुद्धा नाहीत."

"उद्या दुपारी मी येते. तुम्ही नेहमीसारख्या जा. घराची किल्ली मात्र मला देऊन ठेवा, आणि सासूबाईंना काही बोलू नका."

५

शुक्रवारी तीन वाजता वहीवालीने बेल वाजवली. त्या घराची बेल किरकिऱ्या पाखरासारखी होती, बारीक आणि उंच. तिने तीनदा वाजवली. जिन्यातल्या शेजारणीने दार उघडून पाहिलं आणि लावून घेतलं. या दाराआड मात्र काही हललं नाही.

तिने किल्ली लावली.

सासूबाई कॉम्प्युटरसमोर पाठमोऱ्या बसल्या होत्या. डोक्यावर सुनेचा हेडफोन, त्याची पट्टी अंबाड्यावरून जाईल एवढी ताणलेली. पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : 'आवाज ऐकू आला की बटण दाबा.' स्पर्शावर चालणाऱ्या त्या पडद्यावरच्या बटणासमोर बोट धरून त्या वाट बघत होत्या.

आवाज आला. हेडफोनमधून झिरपून तो दारापर्यंत आला, वहीवालीला तिथे उभ्या उभ्या स्पष्ट ऐकू आला. बोट हललं नाही. पुन्हा आला, आधीपेक्षा बारीक. बोट हललं नाही. तिसऱ्यांदा पडद्यावरच अक्षरं आली की चाचणी संपली, निकालासाठी पुढच्या पानावर जा. त्या गेल्या. पान उघडताच वर चौकट आली, 'सूचना पाठवू का?' आणि इतका वेळ दगडासारखं बसलेलं ते बोट विजेसारखं उठलं आणि 'परवानगी द्या'वर जाऊन आलं. एक सेकंदही लागला नाही.

वहीवालीने मागून हाक मारली नाही. भिंतीकडेने चालत, त्यांना आधी सावली आणि मग चेहरा दिसेल अशी ती समोर येऊन उभी राहिली. सासूबाईंनी हेडफोन काढला, वायर हातावर घेतली, दोन फासे घालून वेढा आवळला, आणि नीट ठेवून दिली. मग म्हणाल्या, "कधी कळलं?"

"तुम्ही मला उजेडात बसवलंत तेव्हा शंका आली," वहीवाली त्यांच्याकडे तोंड करून, सावकाश बोलली. "तुम्ही माझे ओठ बघत होता. मग आत टिंग झालं आणि तुमचं बोलणं अडखळलं नाही. आवाजाची पट्टी वर टेकलेली, अक्षरं मोठी केलेली, हेडफोन अंबाड्याच्या मापाचा. आणि फळीवरची इस्त्री आणि चार्जर, दोन्हींची वायर अशीच बांधलेली."

"एक्स्चेंजमधली पाळी संपली की हेडफोनची वायर अशी बांधून खुंटीला लावायची. हात विसरत नाहीत." त्यांनी हाताकडे पाहिलं. "अक्षरं मोठी करायला पण मला कोणी शिकवलं नाही. अधिकचं चिन्ह होतं, दाबलं."

"आणि 'नाकारा' कधी दाबलं नाहीत."

"कसं दाबणार? कोणीतरी विचारतंय. काय म्हणायचंय ते ऐकून घेतल्याशिवाय तोडायचं?"

वहीवालीने त्यांना सगळं समजावून सांगितलं. ती विचारणारी माणसं नव्हती, यंत्रं होती. कानांच्या चाचणीचं आमिष दाखवून नको तिथे नेणारी पानं होती. आणि त्यांना दिलेला प्रत्येक होकार कोपऱ्यात जाऊन सुनेच्या कामावर उठला होता. मंगळवारी काय झालं, सोमवारी काय होणार आहे, भावावर काय ठपका आहे, सगळं. यातलं बहुतेक सासूबाईंना माहीत नव्हतं. चौकटी पडद्यावर यायच्या त्या सूनबाईच्या कामाच्या वेळी, आणि चौकटींचा आवाज सासूबाईंपर्यंत पोचतच नव्हता.

"घरात सांगितलं का नाहीत, मावशी?"

सासूबाईंनी हेडफोन टेबलाच्या कडेला सरकवला.

"माझ्या सासूबाई अशाच बहिऱ्या झाल्या," त्या म्हणाल्या. "आम्ही आधी मोठ्याने बोलायचो. मग थोडक्यात बोलायला लागलो. मग 'काही नाही, असंच' म्हणायला लागलो. शेवटची सहा वर्षं त्या घरातच होत्या, पण आम्ही त्यांना काही सांगितलं नाही. वाईट कोणीच नव्हतं गं. कंटाळा येतो माणसाला."

खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं. वहीवालीने वही उघडली. "दाखल्यात तीन रकाने आहेत. पहिले दोन मी भरते. कशामुळे, आणि पुन्हा का नाही. तिसऱ्यात या कॉम्प्युटरवर आणखी कोण बसतं, ते लिहायचंय. भावाचं नाव लिहिलं तर ते खोटं ठरणार नाही, तोही बसतो. अर्धं खरं होईल. पण मी अर्धं लिहीत नाही."

"आणि मी काही बोललेच नाही तर?"

"तर दाखला नाही," वहीवाली म्हणाली. ते म्हणताना तिला स्वतःलाच ते फार आवडलं नाही.

६

शनिवारी सगळे जेवणाच्या टेबलाभोवती बसले होते. भाऊ हात धुऊन आला होता, तरी नखांत वंगण होतंच. वहीवालीने दाखल्याचा कागद मधे ठेवला. पहिला रकाना तिने वाचून दाखवला : 'परवानगी दिलेल्या वेबसाइटमुळे.' दुसरा : 'परवानग्या काढल्या आहेत, नव्याने विचारणं बंद केलं आहे.' तिसरा कोरा होता.

"माझं नाव लिहा," भाऊ म्हणाला. "ताई, मी रोज बसायचो. सिनेमे उतरवायचो. माझ्यामुळेच झालं असणार. मी दुकानावर राहायला जातो, भाओजींना मीच सांगतो." तो हे बोलत असताना ताईकडे बघत नव्हता, खाली बघत होता. त्यामुळे सासूबाईंना त्यातलं एक अक्षरही कळलं नाही. पण त्यांना सुनेचा चेहरा दिसत होता, आणि तेवढ्यावरून त्यांनी बाकीचं जुळवलं.

"तो काय म्हणाला?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, आई. असू दे," सून म्हणाली.

वहीवालीने पेन्सिल खाली ठेवली. सासूबाईंनी मान हलवली, जणू त्यांना हवी ती जोडणी मिळाली होती.

"हेच," त्या म्हणाल्या. "हेच ते 'असू दे'. अगं, मला ऐकू येत नाही. वर्ष होत आलं. बारीक आवाज तर मुळीच नाही. तू गेलीस की दुपारी मी तुझा हेडफोन लावून कान तपासत बसते, कुठेतरी चुकून पास होईन म्हणून. त्या चौकटींना हो म्हणणारी मी. पोराचा काही संबंध नाही. त्याच्या सिनेमांचं तू बघ, तो तुझा प्रश्न."

सुनेला पहिल्यांदा राग आला. तिने तो लपवलाही नाही. चार दिवस जीव टांगणीला लागला होता, आणि आई खिडकीत बसून बघत होत्या? सासूबाईंनी ते सगळं ओठांवरून वाचलं आणि सांगितलं की बघत होते, कळत नव्हतं, कारण विचारलं की तू 'काही नाही' म्हणायचीस.

सून पुढचं बोलता बोलता थांबली. दिवसभर परक्या डॉक्टरांचं पुटपुटणं ती पाच-पाचदा मागे नेऊन ऐकायची, एक शब्द सुटू नये म्हणून. आणि स्वतःच्या घरात दुसऱ्यांदा सांगायचा तिला कंटाळा आला होता. वर्षभर तिला वाटत होतं की आई हल्ली हट्टी झाल्यात, हाकेला ओ देत नाहीत. एकदाही वेगळी शंका आली नव्हती.

तिने खुर्ची ओढून सासूबाईंच्या अगदी समोर घेतली. "तो म्हणाला," ती सावकाश बोलायला लागली, "की माझं नाव लिहा, मी घर सोडून जातो."

सासूबाईंनी भावाकडे पाहिलं. "मूर्ख आहेस," त्या प्रेमाने म्हणाल्या. आणि वहीवालीला म्हणाल्या, "लिहा. सासू. रोज दुपारी, अडीच ते साडेचार. पेशंटच्या कागदांना हात लावलेला नाही, तेही लिहा. एकतीस वर्षं लोकांचं बोलणं जोडून दिलं, चोरून एकदाही ऐकलं नाही."

वहीवालीने लिहिलं, आणि खाली भावाचंही नाव घातलं. त्याने तोंड वाकडं केलं.

दाखला त्याच संध्याकाळी गेला. रविवार कसा गेला ते त्या घरात कोणी धड सांगू शकलं नसतं. सोमवारी सकाळी साडेदहाला वरिष्ठ बाईंचं उत्तर आलं, एवढंच : 'दाखला मिळाला. घरच्या माणसांसाठी वेगळं खातं करून घ्या आणि तुमच्या खात्याला पासवर्ड लावा. आजचे अहवाल पाठवते आहे.' खाली, जरा जागा सोडून, आणखी एक ओळ होती : 'माझ्या आईलाही हेच झालं होतं, कानांच्या डॉक्टरांचं नाव हवं असेल तर सांगा.'

वेगळं खातं करून द्यायला दुपारी वहीवाली आली. सासूबाईंच्या खात्यात तिने अक्षरं मोठी करून दिली, आवाजाची पट्टी मधोमध आणली. त्यांनी ती लगेच पुन्हा वर नेली. त्यांच्या खात्यात विचारणारी चौकट मात्र तिने मुद्दाम चालू ठेवली. सुनेला ते पटलं नाही. वहीवाली म्हणाली, त्यांचं दार त्यांनाच लावू द्या.

सासूबाईंनी एक पान उघडलं. वर चौकट आली. बोट सवयीने डावीकडच्या बटणाकडे निघालं, मधेच थांबलं, हवेत थोडा वेळ तरंगलं. मग उजवीकडे सरकलं आणि 'नाकारा'वर घट्ट टेकलं.

"राँग नंबर," त्या एक्स्चेंजच्या आवाजात म्हणाल्या.

स्वयंपाकघरातून सुनेने काहीतरी विचारलं. सासूबाईंनी हेडफोन काढला आणि तिकडे वळल्या. "काय? परत सांग. इकडे येऊन सांग."

सून हात पुसत बाहेर आली, त्यांच्यासमोर उभी राहिली, आणि पुन्हा विचारलं की बाई चहा घेतील का.

वहीवालीने वही उघडून दोन्ही पानं शेजारी शेजारी धरली, वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं, आणि मिटून पिशवीत टाकली.

"घेईन," ती म्हणाली.